वजनावरून भाडं काढताना पायरी फलन कसं बसवायचं

फोंड्यात मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो आणि संध्याकाळी ताईच्या काजूच्या ऑर्डरींचा हिशेब बघतो. दोन्हीकडे पायरी फलनात, म्हणजे पूर्ण टप्प्याला एकच रक्कम आणि काठ ओलांडला की उडी अशा हिशेबात, एकच चूक समोर येते. मुलं ती आलेखात करतात, घरगुती धंदा करणारे ती स्प्रेडशीटमध्ये करतात. वजन टप्प्याच्या मधोमध असेल तर सगळ्यांचं उत्तर बरोबर येतं. काठावर आलं, म्हणजे नेमकं ५० ग्रॅम, ५०० ग्रॅम, १ किलो, की गाडी घसरते. एका पार्सलमागे ४५ रुपयांचा फरक म्हणजे हंगामातल्या दोनशे पार्सलांना ९,००० रुपये. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतो आहे. क्रम मोडू नका, कारण बहुतेक चुका सूत्रात नसतात, सूत्राच्या आधी असतात.

सुरुवातीला हाताशी काय हवं

दरपत्रकाचा मूळ कागद किंवा त्याचा फोटो. कुणी तोंडी सांगितलेले दर चालणार नाहीत, कारण "पर्यंत" आणि "पासून" हे शब्द तोंडी सांगताना गळतात आणि सगळा खेळ त्याच दोन शब्दांवर आहे. एक आलेख कागद. वजनकाटा, आणि त्याचं लघुत्तम माप किती ते ठाऊक हवं. काटा ५-५ ग्रॅमने पुढे सरकत असेल तर ५०० दाखवताना खरं वजन ४९८ किंवा ५०२ असू शकतं.

टप्पा १: हे पायरी फलन आहे का, ते आधी ठरवा

वजन आलं की लगेच पायऱ्या काढायला बसू नका. बाजारात वजनावरून किंमत ठरवण्याच्या निदान चार तऱ्हा आहेत.

मासळी बाजारात विसवण तोलून घेतली तर ७०० ग्रॅमला ७०० ग्रॅमचेच पैसे पडतात. ही सरळ रेष झाली, इथे पायरी नाही. त्याच बाजारात बांगडे वाट्याने घेतले तर एक वाटा, दोन वाटे, तीन वाटे असेच घ्यावे लागतात. अर्धा वाटा मिळत नाही. वाट्यागणिक किंमत एकदम वर चढते आणि मधे काही नसतं.

तिसरी तऱ्हा विजेच्या बिलाची. तिथेही "टप्पे" हाच शब्द असतो, म्हणून मुलं फसतात. तिथे पहिल्या टप्प्यातल्या युनिटांना पहिला दर आणि फक्त वरच्या युनिटांना वरचा दर लागतो. काठ ओलांडला तरी ऊर्जेची एकूण रक्कम उडी मारत नाही, फक्त चढ जास्त तिरका होतो. म्हणजे दर पायरीने वाढतो, रक्कम नाही.

चौथी तऱ्हा घाऊक सवलतीची. समजा काजू १ किलोच्या आत १,२०० रुपये किलो आणि १ किलो किंवा जास्त घेतले तर १,१०० रुपये किलो. (हे आणि पुढचे कुरियरचे आकडे मी समजावण्यापुरते धरले आहेत.) इथे ९५० ग्रॅमला १,१४० रुपये पडतात आणि पूर्ण किलोला १,१००. जास्त माल, कमी पैसे. साधारण ९१७ ग्रॅमच्या पुढे गिऱ्हाइकाने सरळ किलो घेतलेला बरा. आलेखात ही एक चढती रेष आहे, जी १ किलोला खाली पडते आणि पुन्हा चढू लागते. ही उडी आहे, पण पायरी नाही, कारण उडीच्या दोन्ही बाजूंना रेष आडवी नाही.

टपाल आणि कुरियर वाट्याच्या तऱ्हेत बसतात: पूर्ण टप्प्याला एकच रक्कम, काठ ओलांडला की उडी, पुन्हा आडवी रेष. यालाच पायरी फलन किंवा स्टेप फंक्शन म्हणतात.

तपासणी: एकाच टप्प्यातली दोन वजनं घ्या, उदाहरणार्थ ६० आणि २०० ग्रॅम. दोन्हींची रक्कम एकच असेल तरच पुढे जा.

टप्पा २: दरपत्रकाचं वाक्य गणितात उतरवा

सगळ्यांत जास्त वेळ मी इथे घालवतो, आणि तुम्हीही घालवावा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेले कागदपत्रांच्या स्पीड पोस्टचे दर घ्या. स्थानिक टपालाला ५० ग्रॅमपर्यंत १९ रुपये, ५१ ते २५० ग्रॅम २४ रुपये, २५१ ते ५०० ग्रॅम २८ रुपये. पणजीहून बेळगावला पाठवायचं, म्हणजे २०० किलोमीटरच्या आतलं, तर हेच दर ४७, ५९ आणि ७० रुपये. वर जीएसटी वेगळा.

आता पहिलं कोडं. पत्रक म्हणतं "५० पर्यंत" आणि "५१ ते २५०". मग ५०.४ ग्रॅमचं पाकीट कुठे बसवायचं? छापील तक्ता पूर्ण ग्रॅमांत बोलतो, आलेखाला मात्र मधली प्रत्येक संख्या लागते. वर्गात निम्मी मुलं ५० आणि ५१ च्या मधे फट ठेवतात, जणू त्या वजनाचं पाकीट जगात नाहीच. उरलेली ५०.४ चं ५० करून मोकळी होतात.

शब्द धरून चला. "५० ग्रॅमपर्यंत" याचा अर्थ ५० त्यात आहे आणि ५० च्या वरचं काहीही त्यात नाही. म्हणून वजनाला व आणि भाड्याला भ म्हटलं तर बेळगावसाठी असं लिहायचं:

० < व ≤ ५० असेल तर भ(व) = ४७
५० < व ≤ २५० असेल तर भ(व) = ५९
२५० < व ≤ ५०० असेल तर भ(व) = ७०

चिन्हं नीट बघा. डावीकडे नुसतं "पेक्षा लहान", उजवीकडे "पेक्षा लहान किंवा बरोबर". प्रत्येक ओळीत तसंच. टपाल-कुरियरच्या भाड्यात काठावरचं वजन खालच्या पायरीचं असतं. घाऊक सवलतीत याच्या नेमकं उलट होतं: "१ किलो किंवा जास्त" म्हटल्यावर काठ वरच्या दराचा. एकाची सवय दुसऱ्यावर लादू नका.

खबरदारी: ५० हे वजन दोन ओळींत आलं तर ते फलन राहिलं नाही, कारण एका वजनाला दोन भाडी झाली. एकाही ओळीत आलं नाही तर ५० ग्रॅमचं पाकीट पाठवताच येणार नाही. प्रत्येक काठ नेमक्या एकाच ओळीत असला पाहिजे. पेन्सिलीने एकेका काठावर खूण करत जा.

शून्याचंही ठरवून टाका. रिकामं पाकीट म्हणजे वजन शून्य नव्हे, पाकिटालाही वजन आहे. म्हणून व नेहमी ० पेक्षा मोठा. वरची मर्यादाही लिहा, इथे ती ५०० आहे. त्यापुढे हा तक्ता काहीच बोलत नाही आणि आपणही त्याच्या तोंडी काही घालू नये.

टप्पा ३: आलेख काढा, सूत्र नंतर

आडव्या अक्षावर वजन, उभ्यावर भाडं. प्रत्येक टप्प्याला एक आडवी रेघ. डाव्या टोकाला पोकळ ठिपका, उजव्या टोकाला भरीव.

इथली नेहमीची चूक म्हणजे पायऱ्या उभ्या रेघांनी जोडणं. जिना काढल्यासारखं चित्र छान दिसतं, म्हणून हात आपोआप वळतो. गेल्या वर्षी एका मुलीने असाच जिना काढून आणला. मी तिला एवढंच म्हटलं, "५० वर बोट ठेव आणि सरळ वर ने." बोट ४७ ला टेकलं, मग उभ्या रेघेवरून ४८, ४९, ५० करत ५९ पर्यंत गेलं. तिने बोट उचललं आणि म्हणाली, "सर, इथे तर तेरा भाडी आहेत." तिने स्वतःच रबर घेतलं. उभी रेघ सांगते की ५० ग्रॅमला ४७ ते ५९ मधलं कुठलंही भाडं चालेल. टपालाच्या खिडकीवर ५३ रुपयांचा दर नाही.

दुसरी चूक: पायऱ्यांच्या मधून एक तिरकी रेष ओढून "साधारण असं वाढतं" म्हणणं. अंदाजाला ठीक, पण एकाही पाकिटाचं भाडं त्यातून नेमकं निघत नाही.

तपासणी: कागदावर पट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडे सरकवा. पट्टीने प्रत्येक ठिकाणी एकच रेघ किंवा एकच भरीव ठिपका गाठला पाहिजे.

टप्पा ४: पायऱ्या समान असतील तर सूत्र, नसतील तर तक्ता

स्पीड पोस्टच्या टप्प्यांची रुंदी ५०, २०० आणि २५० आहे. असमान टप्प्यांना एका सूत्रात कोंबायचा हट्ट धरू नका, तीन ओळींचा तक्ताच बरा.

कुरियरची भाषा बहुधा वेगळी असते: "पहिल्या ५०० ग्रॅमला ६० रुपये, पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला किंवा त्याच्या भागाला ४५ रुपये." यातले "किंवा त्याच्या भागाला" हे शब्द सोन्याच्या मोलाचे आहेत. एक ग्रॅम जास्त झाला तरी पूर्ण ५०० ग्रॅमचे पैसे, असा त्यांचा अर्थ. गणितात यालाच वरचा पूर्णांक घेणं म्हणतात, इंग्रजी शिकलेली मुलं सीलिंग म्हणतात. चिन्ह ⌈ ⌉. ⌈१.०९⌉ म्हणजे २, ⌈२⌉ म्हणजे २ च.

भ(व) = ६० + ४५ × (⌈व ÷ ५००⌉ − १), व ग्रॅममध्ये, व > ०

२,३४० ग्रॅमचं पार्सल: भागाकार ४.६८, वरचा पूर्णांक ५, त्यातून १ वजा ४, म्हणून ६० + १८० = २४० रुपये.

आता या टप्प्यावरच्या तीन चुका. तिन्ही मी लोकांच्या फायलींत पाहिल्या आहेत.

पहिली, खालचा पूर्णांक घेऊन त्यात १ मिळवणं. भागाकार १.०९ असेल तर १ + १ = २, उत्तर बरोबर. त्यामुळे महिनोन्‌महिने कुणाला संशय येत नाही. पण व नेमका ५०० असेल तर भागाकार १, अधिक १, झाले २, आणि ६० ऐवजी १०५ रुपये लागतात. ही युक्ती फक्त काठावरच चुकते, म्हणूनच ती सापडत नाही.

दुसरी, पहिला टप्पा वेगळ्या रुंदीचा असताना पूर्ण वजनाला भागणं. "पहिल्या २५० ग्रॅमला अमुक, पुढे प्रत्येक ५०० ग्रॅमला तमुक" असं असेल तर आधी २५० वजा करा, मग ५०० ने भागा. ७६० ग्रॅमला (७६० − २५०) ÷ ५०० = १.०२, म्हणजे जादा टप्पे २. पूर्ण वजनाला भागून १ वजा केला तर १ च येतो आणि एका टप्प्याचे पैसे खिशातून जातात.

तिसरी, रिकामी ओळ. स्प्रेडशीटमध्ये वजन भरलेलं नसेल तर व = ० धरला जातो. वरच्या सूत्रात ⌈०⌉ − १ = −१, म्हणून भाडं १५ रुपये निघतं. न पाठवलेल्या पार्सलाचे पंधरा रुपये बेरजेत मिसळतात आणि महिनाअखेरीला मेळ बसत नाही. वजन शून्य किंवा रिकामं असेल तर भाड्याची चौकट रिकामी ठेवायची, ही अट सूत्राच्या आधी घाला.

टप्पा ५: सूत्रात जाणारं वजन तपासा

ताईने पहिल्यांदा कुरियरला पाठवलेलं पार्सल अर्ध्या किलोचं होतं. भाडं ६० धरून तिने गिऱ्हाइकाला सांगितलं आणि खिडकीवर १०५ भरून आली. घरी आल्या आल्या म्हणाली, "अरे, काजू अर्धा किलोच आहेत ना, मग एकशेपाच का घेतले?"

सगळं टेबलावर ठेवून एकेक तोललं. काजू ५०० ग्रॅम. झिपची पिशवी आणि लेबल ९. लहान खोकं ३१. चिकटपट्टी आणि बिलाची घडी ८. बेरीज ५४८. काजू पहिल्या पायरीवर होते, पार्सल दुसऱ्या. त्यानंतर तिने ४५० ग्रॅमचं पाकीट काढलं, खोकं धरून ४९८ होतं. पण २ ग्रॅमची फट पुरेशी नाही. आपला काटा आणि त्यांचा काटा एकच आकडा दाखवील असं नाही, आणि पावसाळ्यात पुठ्ठा दमट हवा शोषून जड होतो. आता आम्ही पार्सल ४९० च्या आत ठेवतो आणि जून ते सप्टेंबर आणखी थोडी फट सोडतो.

हलक्या पण मोठ्या मालाची गोष्ट वेगळी. बऱ्याच कुरियर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारे किलो खऱ्या वजनाशी ताडून जे मोठं ते धरतात. फणसाचे तळलेले गरे ३० × २० × १५ च्या खोक्यात भरले, खरं वजन १,१०० ग्रॅम. आकारमानाचं वजन ९,००० ÷ ५,००० = १.८ किलो. म्हणून व = १,८००, टप्पे ४, भाडं १९५ रुपये. खऱ्या वजनाने १५० आलं असतं.

खबरदारी: दोन वजनांतलं मोठं आधी निवडा, मग वरचा पूर्णांक घ्या. आणि एका खोक्यात अनेक वस्तू असतील तर आधी वजनांची बेरीज, मग वरचा पूर्णांक. ३०० ग्रॅमची तीन पाकिटं सुटी मोजली तर ६० प्रमाणे १८० होतात. एका खोक्यात, खोक्यासकट समजा ९५० ग्रॅम झाली, तर १०५.

टप्पा ६: स्प्रेडशीटमध्ये उतरवा

सगळं ग्रॅममध्ये आणि पूर्ण संख्येत ठेवा. किलोचे बरेचसे दशांश संगणकाला नेमके साठवता येत नाहीत. अनेक संगणकीय भाषांमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ च्या किंचित वर निघते. तिला ०.१ ने भागून वरचा पूर्णांक घेतला तर ३ ऐवजी ४ मिळतो. १०० आणि २०० ग्रॅम मिळवले तर ३०० च होतात.

समान टप्प्यांना राउंडअप किंवा सीलिंग वापरा. राउंड वापरू नका, ते १.०९ चं १ करतं.

असमान टप्प्यांना व्हीलुकअप, म्हणजे तक्त्यातून नोंद शोधून देणारं सूत्र, वापरणारे इथे हमखास अडकतात. जवळची नोंद शोधायला सांगितलं की ते वजनाइतकी किंवा वजनाहून लहान असलेली सर्वांत मोठी नोंद उचलतं. तक्त्यात ०, ५०, २५० असे काठ लिहिले तर ५० ग्रॅमच्या पाकिटाला ५० ची ओळ मिळते, म्हणजे ४७ ऐवजी ५९. काठ वरच्या पायरीला गेला. उपाय दोन पावलांचा: आधी वजन पूर्ण ग्रॅमपर्यंत वर न्या, मग तक्त्यात टप्प्याची सुरुवात १, ५१, २५१ अशी लिहा. आता ५० ला १ ची ओळ मिळते आणि ५०.४ चं ५१ होऊन दुसरी ओळ मिळते. वजन शून्य असेल तर नोंदच सापडत नाही आणि चूक डोळ्यांसमोर येते, हे चांगलंच. ५०० च्या वरचं वजन मात्र शेवटच्या ओळीतच अडकून ७० रुपये दाखवत राहील, त्यासाठी वेगळी अट घाला.

इफच्या साखळीने लिहिणार असाल तर लहान काठापासून सुरुवात: ५० किंवा कमी? नाहीतर २५० किंवा कमी? नाहीतर ५०० किंवा कमी? उलट क्रमाने "५०० किंवा कमी" आधी विचारलंत तर ३० ग्रॅमचं पत्रही तिथेच थांबून ७० रुपये भरेल.

कर शेवटी. आधी पायरी, मग नोंदणीसारखी जादा सेवा, मग जीएसटी, मग पैशांचं पूर्णांकन. बेळगावचं १२० ग्रॅमचं पाकीट, नोंदणीचे ५ रुपये: (५९ + ५) × १.१८ = ७५.५२. कर लावून मग ५ मिळवले तर ७४.६२ येतं, आणि ते चूक आहे, कारण नोंदणीच्या रकमेलाही कर लागतो. मधल्या कुठल्याही पावलाला पूर्णांकन करू नका. पूर्णांकन हेही पायरी फलनच आहे, आणि एका पायरीवर दुसरी चढवली की चूक कुठून आली ते शोधता येत नाही.

टप्पा ७: काठावर चाचणी घ्या

मधली वजनं टाकून "बरोबर येतंय" म्हणू नका. प्रत्येक काठाला तीन वजनं: काठाच्या एक ग्रॅम आधीचं, काठाचं, एक ग्रॅम नंतरचं. उत्तरं हाताने आधी लिहून ठेवा, मग फाइलशी ताडा. वरच्या कुरियरच्या दराला अशी:

४९९ ग्रॅम: ६०
५०० ग्रॅम: ६०
५०१ ग्रॅम: १०५
९९९ ग्रॅम: १०५
१,००० ग्रॅम: १०५
१,००१ ग्रॅम: १५०

यांच्या जोडीला १ ग्रॅम, शून्य, रिकामी चौकट आणि मर्यादेच्या वरचं एक वजन. पहिल्याचं उत्तर ६०, बाकी तिघांना भाडं दिसता कामा नये.

५०० ला १०५ आलं तर टप्पा ४ मधली पहिली चूक आहे. ५०१ ला ६० आलं तर कुठेतरी राउंड शिरलं आहे. शून्याला १५ आलं तर रिकाम्या ओळीची अट राहिली आहे. तिन्ही ठीक असूनही खिडकीवर जास्त पैसे लागले तर सूत्राला हात लावू नका, टप्पा ५ वर जाऊन खोकं पुन्हा तोला.

ही चाचणीची पानं फाइलमध्ये वेगळ्या शीटवर कायमची ठेवा आणि दर सूत्रात न लिहिता वरच्या चौकटींत ठेवा, शेजारी ते लागू झाल्याची तारीख. दर बदलले की फक्त त्या चौकटी बदलायच्या, हाताची उत्तरं नव्या दराने पुन्हा लिहायची आणि सगळ्या ओळी ताडायच्या. ताईच्या फाइलमध्ये अशा १० ओळी आहेत, आणि नव्या दराचं पहिलं पार्सल त्या जुळल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.